लेकीचं नाक आणि कच्चा टाका

माझी लेक खोटं बोलली की तिच्या नाकाचा शेंडा हलतो. किंचितच, सशाचा हलतो तसा. तिला स्वतःला हे ठाऊक नाही आणि मी कधी सांगितलेलं नाही. आईजवळ एवढं एक हत्यार असायलाच हवं. लहानपणी गुळाचा डबा कोणी उघडला हे मला त्या शेंड्यानं सांगितलं, दहावीच्या सराव परीक्षेचे खरे मार्कही त्यानंच सांगितले. आता ती चोवीस वर्षांची आहे. यवतमाळला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, सकाळच्या एसटीनं बाभुळगावहून जाते, संध्याकाळी परत येते. दारातून आत येता येता "डबा खाल्ला" म्हणते, तेव्हा मी डब्याकडं नाही, आधी नाकाकडं पाहते.

हे नाक वाकडं होतं. दांडा मध्यापासून एका बाजूला कललेला, त्यावर एक उंचवटा, आणि डावी नाकपुडी जवळजवळ बंद. झोपली की तोंड उघडं, सकाळी घसा कोरडा ठाक. लॅबमध्ये दिवसभर मास्क लावावा लागतो, तर दुपारपर्यंत तिचा जीव घाबरा व्हायचा. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन, मास्क खाली ओढून, तोंडानं चार श्वास घ्यायचे आणि परत आत जायचं. फोटोत ती कायम एकच बाजू पुढं करून उभी राहायची. नाक टोचून घ्यायला मात्र कधीच तयार झाली नाही. म्हणायची, चमकी घातली की माणसं नाकाकडंच पाहतात.

आणि ते नाक माझ्यामुळं वाकडं झालं होतं. निदान पंधरा वर्षं मी तसंच धरून चालले होते.

मी बायकांचे कपडे शिवते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन आहे, तेच दुकान. पोळ्याच्या आधीचे आठ दिवस आमच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण सगळ्या गावाला सणाला नवे कपडे हवे असतात आणि सगळ्या गावाला ते शेवटच्या आठवड्यात आठवतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मोठ्यांचे बैल मिरवून झाले की लेकरं आपापले चाकाचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात. लेक तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिला परकर-पोलकं हवं होतं. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं शेवटी, या नियमानं मी ते तान्ह्या पोळ्याच्या सकाळी शिवायला घेतलं. वाढत्या अंगाचा म्हणून परकर चांगला चार बोटं लांब ठेवला. खालची दुमड पक्की करायला वेळ नव्हता, म्हणून कच्चा टाका घातला.

कच्चा टाका म्हणजे हातानं घातलेला लांब, सैल टाका. पक्की शिलाई होईपर्यंत कापड जागेवर राहावं एवढंच त्याचं काम, मग तो ओढून टाकायचा. कच्च्या टाक्यावर कपडा कोणाच्या अंगात घालत नाहीत. गिऱ्हाइकाला तर मी मेले तरी देणार नाही. लेकीला दिला. आणि तिच्या लाकडी बैलाची झूल? तिला मी आदल्या दिवशी बसून बारीक तुरपाई केली होती, कारण झूल चार माणसं पाहणार होती.

देवळापुढच्या उतारावर चाकाचा बैल घरंगळत तिच्या पुढं गेला तेवढ्यात ती पडली, आणि पडली ती नेमकी आपल्याच बैलाच्या वशिंडावर, नाकानं. शेजारणीनं उचलून आणली. पोलकं रक्तानं भरलेलं. कोणी हळद आणली, मी ओला फडका धरला. सूज उतरली की नाक आपसूक जागेवर येते, असं जमलेल्या सगळ्या बायांनी सांगितलं. मला तेच ऐकायचं होतं, कारण मशीनवर दुसऱ्या दिवशी द्यायचे ब्लाउज पडले होते. सूज उतरली. नाक काही जागेवर आलं नाही.

त्या दिवशी परकर धुताना मी पाहिलं. पुढच्या बाजूची दुमड वीतभर उसवली होती आणि कच्चा दोरा खाली लोंबत होता. पायाचा अंगठा दुमडीत अडकला असणार. मी तो परकर वाळवला, घडी घातली आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिला. तिच्या बापाला सांगितलं नाही, तिला तर नाहीच नाही.

म्हणून गेल्या वर्षी ती जेवताना म्हणाली, "आई, मी नाकाचं ऑपरेशन करून घेऊन राह्यली," तेव्हा माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"कायले?" तिचे बाबा म्हणाले. ते एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत, पण अजूनही घरात कोणी नवीन काही काढलं की तिकीट तपासल्यासारखं पाहतात. "काय खराबी आहे नाकात? माह्या बापाचं बी असंच होतं."

"तुमच्या बापाचं सरळ होतं," मी म्हटलं. "फोटो भिंतीवरच आहे. पाहून घ्या."

त्यांनी खरंच मान वळवून पाहिलं आणि ताटात भाजी वाढून घेतली. पैशाची सोय तिनं आपल्या पगारातून आधीच लावून ठेवली होती. विचारायला म्हणून नव्हतीच आली ती, सांगायला आली होती.

नागपूरचे एक प्लास्टिक सर्जन दर शनिवारी यवतमाळला येतात. आम्ही दोघी गेलो. तरुण माणूस, हसरा. त्यांनी तिच्या नाकात दिवा घालून पाहिलं, बाहेरून दोन बोटांनी चाचपलं आणि मग एका कागदावर चित्र काढून आम्हाला समजावलं. नाकाचा आकार बदलायच्या दोन रीती. एकीत सगळं आतून करतात. नाकपुड्यांच्या आत काप घ्यायचे, तिथूनच हत्यारं घालून काम करायचं. बाहेर एकही खूण राहत नाही, सूजही लवकर उतरते. पण डॉक्टरला दिसतं थोडं, बरंचसं हाताच्या अंदाजानं करावं लागतं. दुसरी रीत उघड्यावरची. दोन नाकपुड्यांच्या मध्ये जो खांब असतो, त्याच्यावर एक बारीकसा काप घ्यायचा, त्वचा वर उचलायची, म्हणजे आतला हाडा-कूर्चांचा सगळा सांगाडा समोर दिसतो. वेळ जास्त लागतो, शेंड्याची सूज कित्येक महिने रेंगाळते, शेंडा काही महिने बधिर राहतो, आणि खांबावर एक रेघ राहते.

"नुसता उंचवटा घासायचा असता तर मी आतून केलं असतं," ते म्हणाले. "पण हिच्या नाकाचा आतला पडदा आणि दांडा दोन्ही वाकलेत. उघडून केलेलं बरं."

मला एकच ऐकू आलं होतं. "टाका कुठं येईल म्हणता?"

"इथं. नाकाच्या खाली. समोरच्याची नजर तिथं जात नाही."

"दोरा कोणता?"

"केसाहून बारीक असतो, काकू."

"आणि काप सरळ घेता?"

"नाही, मध्ये खाच ठेवून. सरळ रेघ भरताना ओढली जाते आणि लगेच दिसते."

हे मात्र मला पटलं. सरळ रेघ डोळ्यात भरते, हे मला चाळीस वर्षांच्या शिलाईनं शिकवलं आहे. पण पटूनही मन मानत नव्हतं. गावात माझं नाव कशासाठी आहे? माझा टाका बाहेरून दिसत नाही यासाठी. आणि माझ्याच चुकीपायी माझ्या लेकीच्या तोंडावर टाका येणार, आयुष्यभर राहणार, आणि मी तो रोज चहा देताना पाहणार. बसमध्ये मी सारखी तेच बोलत राहिले. शेवटी ती म्हणाली, "आई, लोक आयकून राह्यले."

मग मीच हट्ट धरून तिला अमरावतीला दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं. हे वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी सरळ सांगितलं, "आतून करता येईल. खूण राहणार नाही. उंचवटा जाईल, श्वासातही फरक पडेल. दांडा मात्र पूर्ण सरळ होईल अशी खात्री देत नाही. थोडा कल राहील." प्रामाणिक माणूस. पण मी त्यातलं "खूण राहणार नाही" एवढं उचललं आणि बाकीचं तिथंच टेबलावर सोडून आले.

दोन दिवस गेले. मग सकाळी डबा भरताना लेक माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मले काही समजत नाही. टाक्यातलं तुले समजते. तू म्हणशील तसं करू."

एवढ्या मोठ्या पोरीनं आपलं नाक आईच्या हातात द्यावं! मला भरूनही आलं आणि भीतीही वाटली. तरी मी म्हटलं, "आतूनच कर." तिनं मान हलवली, अमरावतीला फोन करून तारीख घेतली आणि कामावर जायची बस गाठली. जाताना तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्याच आठवड्यात उर्दू शाळेतल्या बाई आल्या. माझं जुनं गिऱ्हाईक, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, आमची थट्टामस्करी चालते. पांढरकवड्याला भाचीचं लग्न होतं, त्यासाठी घेतलेला तयार कुडता त्यांनी समोर टाकला. उभी कॉलर एका बाजूला झुकलेली.

"बाजी, उसवू नका," त्या म्हणाल्या. "नया कुडता है. आतल्या आत जमवून द्या फक्त."

मी हो म्हटलं. आतल्या आत जमवणं ही तर माझी ख्याती. दुपारभर बसले. आतून एक चूण घेतली तर झोळ खांद्यावर गेला. तिथं घेतली तर गळा ओढला गेला. इस्त्री दाबून पाहिली, कॉलर घटकाभर शहाण्यासारखी उभी राहिली आणि पुन्हा कलली. मी त्या कुडत्याला, तो शिवणाऱ्याला आणि भाचीच्या लग्नालाही चार शब्द सुनावले. शेवटी वैतागून कात्री घेतली आणि कॉलर खालच्या शिवणीवर उसवली. बघते तर आतलं बकरमच तिरकं कापलेलं! कॉलर ताठ राहावी म्हणून कापडाच्या पोटात जो कडक कपडा घालतात, ते बकरम. आतला सांगाडाच वाकडा, आणि मी वरच्या कापडाला चिमटे काढत बसले होते. नवं बकरम कापून घातलं, खालच्या शिवणीवर पुन्हा शिवलं. पाऊण तासाचं काम.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुडता उलटासुलटा करून पाहिला. "उसवला नाही ना?"

"उसवला," मी म्हटलं. "उसवल्याबिगर होत नव्हतं."

"कहाँ से? दिसत तर नाही."

मी कॉलर वर करून तिची खालची शिवण दाखवली, आणि दाखवता दाखवता माझी बोटं तिथंच थांबली. समोरच्याची नजर तिथं जात नाही, असं कोणी म्हटलं होतं, कधी म्हटलं होतं, सगळं आठवलं. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते, की बाई, दोष आत असला की उघडावं लागते. दुसऱ्यांच्या कपड्यांबाबत मी एवढी शहाणी. स्वतःच्या पोरीच्या नाकापर्यंत गोष्ट आली तेव्हा माझी सगळी अक्कल भीतीनं खाल्ली होती. तिचं नाक सरळ व्हावं, तिला श्वास यावा, यापेक्षा मला माझी चूक झाकायची होती. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली.

बाई पायरी उतरत होत्या तोवर मी लेकीला फोन लावला.

"अमरावतीले नाही म्हण. यवतमाळचा डॉक्टर सांगते तसं कर. उघडून."

"काहून? आता काय झालं?"

"बकरम वाकडं आहे."

ती हळूच म्हणाली, "आई, तुले बरं आहे ना?"

ती घरी आल्यावर मी तिला सगळं समजावलं, कुडत्यातलं जुनं बकरम कचऱ्यातून काढून दाखवलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग माझ्या गळ्यात हात टाकून बराच वेळ बसली. "मले तेच करायचं होतं," म्हणाली. "तू रडशील म्हणून बोलली नाही."

ऑपरेशन यवतमाळलाच झालं. आम्ही दोघं बाहेर बाकावर. तिचे बाबा दर दहा मिनिटांनी उठून दारावरची पाटी वाचून येत होते. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं की पडदा सरळ केला, उंचवटा घासला, आणि पडद्यातलीच थोडी कूर्चा काढून तिच्या दोन पट्ट्या दांड्याला दोन्ही बाजूंनी आधाराला लावल्या. मी म्हटलं, "म्हणजे बकरम." त्यांना काही कळलं नाही, पण भला माणूस, हो म्हणाले.

आठवडाभर तिच्या नाकावर पट्टी आणि डोळ्यांखाली जांभळे डाग. आठव्या दिवशी टाके काढले. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी चष्मा लावला, तिची हनुवटी वर केली आणि पाहिलं. शेंडा सुजून बोरासारखा झालेला. खाली खांबावर लालसर रेघ, मधे एक खाच. अंतर सगळीकडं सारखं, कुठं ओढ नाही, कुठं झोळ नाही. मला त्या माणसाच्या हाताचा हेवा वाटला. हेही सांगून टाकते की मी डॉक्टरांना एक गोष्ट विचारणार होते, शेंडा पहिल्यासारखा हलेल ना म्हणून. पण का विचारता असं त्यांनी म्हटलं असतं तर मी काय सांगणार होते? नाही विचारलं.

घरी आल्यावर मी पेटी उघडली. का ते सांगता येत नाही. एवढं उघडून झालंय तर हेही उघडावं, असं काहीतरी मनात आलं असेल. तळातून तो परकर काढला आणि तिच्यासमोर खाटेवर ठेवला.

"हा अजून ठेवला काय तू?" ती म्हणाली.

"तू माह्यामुळं पडली," मी म्हटलं. "लांब शिवला होता. खाली कच्चा टाका घातला होता. त्याच्यात पाय अडकला तुहा. हे पाह्य, उसवलेलं. पंधरा वर्षं झाले, मी कोणाले सांगतलं नाही."

तिनं परकर हातात घेतला. उसवलेल्या दुमडीत बोट घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मग माझ्याकडं पाहून अगदी सहज म्हणाली, "नाही वं आई. परकर तर मी कमरेले खोचला होता. बैलाची झूल सरकून राह्यली होती, म्हणून तिकडं पाहत पयत होती मी. दगडाले ठेचकायली. हे मंग उसवलं असन, मले उचलताना. शेजारच्या काकूचा पाय पडला असन."

मी झटकन तिच्या नाकाकडं पाहिलं.

शेंडा हलला नाही. पण कसा हलणार? सुजून टम्म, बधिर. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की काही महिने त्यात जाणीव नसेल. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं तर ती हसत होती, आणि हसू दुखत होतं म्हणून ओठ घट्ट धरले होते.

"मग इतके दिवस सांगतलं काहून नाही?"

"तू कधी इचारलंच नाही."

मला रडू आलं. ती म्हणाली, आता तू रडू नको, मले नाक पुसता येत नाही. मग आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू करण्याआधी मी त्या परकराची दुमड बारीक तुरपाई करून पक्की केली. कोणाच्या अंगाला येणार आहे तो आता? तरी केली.

या गोष्टीला बरेच महिने झाले. खांबावरची रेघ आता दोऱ्यासारखी पांढुरकी झाली आहे; कोणाला सांगितल्याशिवाय दिसत नाही. दांडा सरळ आहे. ती तोंड मिटून झोपते. परवा दुकानात आली, नव्या कापडाचा गठ्ठा नाकाजवळ धरून कितीतरी वेळ वास घेत उभी राहिली आणि म्हणाली, आई, तुह्या दुकानाले इतका वास आहे हे मले माहीतच नव्हतं. तिनं नाकही टोचून घेतलंय, डाव्या बाजूला, खड्याची चमकी.

काल संध्याकाळी ती दारातून आत आली. "डबा खाल्ला," म्हणाली, आणि चमकीच्या शेजारी शेंडा किंचित हलला. मी डबा उघडला. पोळ्या तशाच होत्या. मी तिच्यावर ओरडले आणि मनातून मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

म्हणजे आता परकराचं पुन्हा विचारलं तर मला लगेच कळेल. मी विचारलेलं नाही.